मामाचा अंगठा

कॅमेऱ्यापायी माहे हातपाय कधी गार पडले, सांगू? एकोडी गावाले मामाच्या बांधीत, म्हणजे पाणी भरल्या वावरात, धानाचा रोवणा, रोपं लावाचं काम, चालू होता. गुडघाभर चिखलात उभा राहून मी रोवणाऱ्या मामीचा फोटो काढला अन् माहा साधा, रोलवाला कॅमेरा धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, उभ्या मामाच्या हाती दिला. आत महिनाभर पुरवून काढलेले ब्लॅक अँड व्हाइट फोटो होते.

मामा म्हणे, "दाखव फोटो."

"आता नाही दिसत. रोल धुतल्यावर दिसते."

"दिसतच नाही त कायले काढून राहिला बे? थांब, आतच पाहतो."

त्याचा अंगठा मागच्या झाकणावर!

"मामा, नोका उघडू! उजेड लागला का सारे फोटो जातीन!"

मामा हसूनच राहिला. माहा पाय चिखलातून निघेना. झाकणाची कडी कटकन वाजली, झाकण उघडाचंच बाकी होतं.

तशी मामी कडाडली, "ठेवा तो खाली! रोवलेल्या धानानं मुळं धरली का म्हणून रोज उपटून पाहता का?"