वाटीतला पाचवा दाणा

कुणाला सांगू नको, असं मामाने बजावलं होतं, तरी तुम्हाला सांगते. मामा पूर्वी जुन्या जेट विमानांचा मेकॅनिक होता. सुटीत आम्ही वहीवर विमानांची लढाई खेळायचो. पूर्ण वेगाची खेळी केली की वाटीत धानाचा एक दाणा टाकायचा, सावकाश खेळलं की एक काढायचा. पाच झाले की इंजिन जळालं. एका वेगवान खेळीत मी जिंकणार होते, पण वाटीत चार दाणे होते. मी त्यातला एक हळूच मुठीत लपवला आणि खेळीचा दाणा टाकला.

"दाणा लपवल्यानं इंजिन थंड होते का वो?"

"खेळच तर आहे, मामा."

"माह्या पायलट साहेबानंही इंजिनच्या तापमानाचा काटा लाल असताना 'सगळं ठीक आहे' सांगतलं होतं. मी खाली रेडिओवर आयकत होतो. ते विमान वापस आलंच नाही."

मी दाणा परत टाकला. पाच झाले. माझं विमान खोडायला मामाने पेन्सिल उचलली, पण न खोडताच ती खाली ठेवली आणि... थांबा, आई हाक मारतेय. आले गं आई!