भिंतीला हात

— साडेचार लाख? थांबा, थांबा भाऊ, आधी तो ऊब मोजायचा कॅमेरा खाली ठेवा आणि माझ्याकडे बघून सांगा — साडेचार? अहो, एवढ्यात मी चारी भिंतींना लोकरीचे स्वेटर विणून घातले असते, वर छपराला टोपी! हसू नका, मी शिवणकाम करते, मला मापातलं कळतं. बाहेरून तुम्ही ह्या फोमच्या पाट्या चिकटवणार, वर जाळी, वर गिलावा, वर रंग — म्हणजे घराला अस्तरच की! मग सांगा, खिडक्या वजा केल्यात का? नाही ना? वाटलंच. कापडाला जिथं भोक, तिथले पैसे मी कधी गिऱ्हाइकाकडून घेत नाही. आणि परांची — नुसते पाइप उभे करायचे साठ हजार? त्यावर गवंडी चढणार आहेत की मंत्री? — हं, बारा हजार कमी केलेत. बघा, बोललं की होतं. चहा घ्या — कप त्या फोमच्या तुकड्यावरच ठेवा, टेबलाला डाग पडतो.

पण एक सांगते, हळू बोला जरा — आमचे हे आत्ता येतील फिरून. त्यांच्यासमोर तो कॅमेरा काढायचा नाही. तुम्ही रंगवाले. कळलं? बाहेरून रंग द्यायला आलात. का म्हणजे — हे घर ह्यांनी स्वतः बांधलंय हो! बस चालवायचे, सुट्टी मिळाली की विटा. आणि कोणी पाहुणा आला की तो बसायच्या आत ह्यांचं सुरू — या, भिंतीला हात लावून बघा! लावावाच लागतो. आणि म्हणावं लागतं, वा, कसली ऊब! नणंदेनं म्हटलं, व्याह्यांनी म्हटलं, जावयांचे तर दात वाजत होते, तरी म्हणाले बिचारे. आणि तुमच्या कॅमेऱ्यात बघा, भिंत निळीशार! तांबडा ठिपका म्हणून नाही. सुरुवात कोणी केली? मीच. राहायला आलो त्या दिवशी ह्यांच्या हाताला सिमेंटनं भेगा पडलेल्या, मला म्हणाले, हात लावून बघ — काय म्हणणार होते मी? गार आहे म्हणू? म्हटलं, किती उबदार आहे हो! झालं. चिकटलं ते कायमचं.

मला नाही थंडीचं काही, मशीनवर बसलं की पाय चालतात, अंग गरम राहतं. पण गेल्या थंडीत ह्यांना न्यूमोनिया झाला. नाकाला नळी लावलेली. डॉक्टर म्हणाले, घर गार ठेवू नका, पुन्हा असं झालं तर — पुढचं मी ऐकलंच नाही, पिशवी भरायला लागले. सगळे म्हणाले, काकू किती खंबीर! कसली खंबीर — सुईत दोरा जाईना. फार घाबरले होते मी. घाबरलेलीच आहे. अजून खोकतात. ती खुर्ची दिसतेय ना? अंगात दोन स्वेटर घालून त्या गारढोण भिंतीला टेकून बसतात, आणि मला म्हणतात, काय ऊब आहे! म्हणून हे चार अडतीस — हो, अडतीसच, बारा गेले ना मघाशी? पैसे माझ्या शिवणाचे आहेत. नवीन मशीन घ्यायचं होतं, पण जुनं कुठं वाईट आहे? ह्यांना एवढंच सांगायचं, रंग. भिंत चार बोटं जाड झाली, तर ते मी बघून घेईन. म्हणेन, रंग जरा जाड बसला.

आले! — अहो, या, हे रंगवाले. हो, मीच बोलावलं. हात? लावतील की! लावा हो भाऊ, लावा. आणि बोला काहीतरी — बोला ना! — अहो, त्यांना काय विचारताय? किती जाडीचा? काय किती जाडीचा? ... तो होय. तो — तो कपाखाली ठेवायचा तुकडा आहे, आजकाल मिळतात तसले. ... माहीत आहे? काय माहीत आहे तुम्हाला? ... भिंत गार आहे? कधीपासून? ... पहिल्या थंडीपासून! आणि तरी दिसेल त्याला हात लावायला लावलात? कशासाठी? ... माझ्यासाठी? मी काय केलं? ... हो. म्हणाले होते. पण म्हणून मला खरंच उबदार वाटतंय, असं वाटलं तुम्हाला? आणि माझा समज मोडू नये म्हणून इतकी वर्षं पाहुण्यांकडून वदवून घेत होता? अहो, जावयांचे दात वाजत होते! ... हसू नका, खोकला येईल. आला बघा. इकडे या. द्या तो हात — केवढा गार पडलाय.

भाऊ, तुम्ही जरा बाहेर जा. माप घ्या. — घेतलंत? मग पुन्हा घ्या. खिडक्यांसकट धरा. जा.