हल्लागुल्ला पार्टीची तिसरी कॅसेट

— अन् मले इचारशील त आमच्या हल्लागुल्ला पार्टीच्या पाचही कॅसेटी तोंडपाठ असलेला अख्ख्या दारव्ह्यात हा मारोतराव एकटाच — आता बाकीच्याईनं पाठ करून कराचं काय, थे गोष्ट अलग. बस पोरी, त्या खोक्यावर बस. पेनड्राईव्ह दे इकडं. पाचही भरून पाह्यजे? कानाईनं काय बिघडोलं तुह्यं?

पह्यली घे, 'सोयाबीनवाली'. बी बाजूले क्यासिओचे सेल उतरले, त गाणं घाटातल्या यष्टीवानी दमत जाते — लोकाईले वाटलं नवीन फ्याशन हाये, दिग्रसवाल्याईनं त तसाच नाच बसोला. दुसरी घेऊ नको. काहून? त्यात मी गायलो. पाचवी त फुकटातही घेऊ नको, त्यातही मीच. चौथी घे, 'बकरीवाली' — लय चालली थे, तिच्याबिगर वरात हाले नाई.

बकरी खरी होती ना. जिनिंगच्या गोदामात कापसाच्या गठाणीच्या मधात बसून रेकॉर्डिंग करो आमी, आवाज घुमत नाई म्हणून. सरकी खायले घुसली बकरी, अन् आमच्या पार्टीत गाणाऱ्या हंसाबाईची तान सरल्याबरोबर तिनंही घेतली. मी काय केलं — बाईची पुसली, बकरीची ठेवली. कोणालेच सांगतलं नाई. कॅसेट आली तवा सारे पोट धरून हासले. बाईही हासली. दुसऱ्या दिवशी तांड्यावर गेली, थे आलीच नाई. तीस वर्षं झाले.

तिसरी? तिसरी नाई भेटत. म्हणजे हाये, डब्यात हाये, पर देत नसतो मी. बेकार हाये थे. सारी हंसाबाईच गायली, नाकातून गाये बाई. दुसऱ्या गाण्यात 'वावरात' म्हणताना दम तुटते तिचा, मंग हळूच श्वास घेते, अन् बांगडी वाजते — एकच, डाव्या हातातली. आता रोज आयकल्यावर ध्यानात राह्यतेच माणसाच्या. रोज म्हणजे, मशीन गंजू नाई म्हणून लावतो.

काय म्हणतं? आजी? हंसाबाई तुही आजी?

मंग आधीच सांगाव ना बाप्पा, बकरी लपोली असती मी. काय नाव म्हणलं — अंजू? हे घे अंजू, तिसरी घे, डब्यासकट घे. पेनड्राईव्ह राहू दे, अस्सलच ने तिच्यापाशी. फक्त एक सांग. त्या बकरीच्याच पायी गेली ना थे? बोलली असंल कधी घरी. शिव्या देल्या असन त शिव्या सांग, लाजू नको — तीस वर्षं झाले माह्या मीच देऊन राह्यलो मले, तिच्या दोन-चार आणखी खपून जातीन.

"बकरीचं काईच नव्हतं, आबाजी. आजी म्हणते, बकरी त सुरात होती. पुढची कॅसेट तुमी गाणार म्हणून समजलं, तवा निंघाली थे."