डोहातली नाणी

दीपनगरच्या वीज केंद्रातली रात्रपाळी करून आलेला सारिकाचा नवरा धरणगावच्या एसटीत तिच्या खांद्यावर निवांत घोरत होता. पुढच्या सीटवरची म्हातारी शेजारच्या माणसाच्या मांडीवरचं लांब दांड्याचं यंत्र मघापासून न्याहाळत होती.

“हाई काय शे रे भाऊ?”

“मशीन आहे, अक्का. तापीच्या डोहात पोहणाऱ्यांचं सोनंनाणं पडतं, ते हुडकतो.”

“सापडस?”

“सोनं क्वचित. जुनी नाणी मात्र भरपूर.”

“त्या पडेल नहीत. नवसन्या शेतस. मी बी एक टाकेल व्हतं, पोऱ्यानी दारू सुटो म्हनीन.”

“सुटली?”

“तवाच सुटनी. आते दिवाळीपासून परत लागनी. तू कधीपासून काढस?”

“…दिवाळीपासूनच.”

“मन्हं परत टाक.”

“त्यातलं तुमचं कोणतं, कसं कळणार?”

“मंग बठ्ठं टाक, एक बी ठेवू नको. दुसरासना घरमा बी पोऱ्या शेतस.”

सारिकाने नवऱ्याचं डोकं अलगद खिडकीला टेकवलं आणि ती पुढे वाकली.

“दादा, पलीकडच्या घाटावर गेले होते का तुम्ही?”

“नाही ताई, तिथे उद्या जायचंय.”

“नका जाऊ.”