फाटकावरचा डबा

जुन्या तुरुंगाचं आता संग्रहालय झालंय. फाटकाच्या रांगेत माझ्यापुढे एक म्हातारी आणि तिची लेक होती. रखवालदार समोर येताच म्हातारीने पिशवीतला डबा काढला, उघडला आणि त्याच्यापुढे धरला.

"आजी, झाकण लावा. मी कुठे मागितलं?"

"भाजी चमच्याने ढवळून दाखवू?"

"अहो, नको! डबा इथेच ठेवा. आत खायला बंदी आहे."

"कमालच झाली. तेव्हा डबा आत जायचा आणि मी बाहेर थांबायचे."

"आई, काहीतरीच काय! तू कधी आली होतीस इथे?"

"बाबा बोटीवर गेलेत असं तुला सांगायचे ना मी, तेव्हा. तिकिटं काढ बाहेर, मागे लोक खोळंबलेत."