पाहुणे आले अन् मशीन उलटलं

आमच्या सुषमाचं लग्न जमलं कसं, ते तुम्हाला सांगायचंच राहिलं. बदनापूरच्या घरापुढं आपली थोडी हिरवळ आहे ना, तिथलं गवत कापायचं पेट्रोलचं मशीन लेकच सांभाळती. पाहुणे बघायला यायच्या दिवशी ती अंगणात मशीनचं ऑइल बदलून राह्यली होती, अन् पाहुणे तासभर आधीच टपकले! तिचे हात कोपरापर्यंत काळे. मला घाम फुटला. पण पोरगा सरळ तिच्यापाशी गेला.

"मी धरू का?"

"धरा. जुनं ऑइल काढायचंय. हवेच्या फिल्टरची बाजू तेवढी वर राहू द्या."

गड्यानं जोरात मशीन कलंडवलं अन् नेमकी तीच बाजू खाली केली. ऑइल सगळं फिल्टरमधी. मंग सुषमानं नवं ऑइल भरून दोरी ओढली, तर असा पांढरा धूर निघाला, की पोरगा दिसंना अन् त्याची आईही दिसंना! धुरातून नुसतं सुषमाचं अन् पोराचं खो खो हसणं ऐकू येत होतं.

"चूक माझी. फिल्टर मी पुसून देतो," पोरगा म्हणाला, अन् नव्या शर्टात खाली बसला.

पाहुणे गेल्यावर मी विचारलं, "काय गं, पसंत आहे का?"

"बिलकुल पसंत आहे, पप्पा. फक्त मशीनला हात लावू देणार न्हाई."