संस्था संपन्न आहे

"हॅलो? … हो, हो, ग्वाल्हेर, लष्कर… महिपतराव बोलतोय, मीच… भोपाळ ना? जोडा बाई, जोडा."

पाटणकर बाजारात कान्होजींचं औषधांचं दुकान होतं, आणि त्या दुकानातला टेलिफोन म्हणजे आसपासच्या सगळ्या मराठी घरांचा टेलिफोन. कोणाचा ट्रंक कॉल आला की कान्होजी निरोप धाडत. ज्याचा कॉल असे तो धावत येई, आणि ज्यांचा नसे ती मंडळी खोकल्याचं औषध घ्यायला येत. जानेवारीच्या त्या सकाळी दुकानात अशी बरीच मंडळी होती. सर्वांत पुढे लीलाताई होत्या. खोकत कोणीच नव्हतं.

"हॅलो, सुधा? … अगं, ऐकू येतंय, ओरडू नकोस… तिथे थंडी कशी आहे? इथे तर सकाळी नळाला हात लाववत नाही… बरं. बरं, नाही विचारत थंडीचं."

सुधा ही महिपतरावांची धाकटी बहीण. ग्वाल्हेरच्या त्या लष्कर भागात लहानथोर सगळे तिला सुधाताई म्हणत, कारण त्यांतल्या बऱ्याच लहानांना तिनेच जगात आणलं होतं. दक्षिणी भगिनी प्रसूतिगृह ती चालवी, आणि महिपतराव त्याचे चिटणीस होते. म्हणजे काम सुधाचं आणि सही महिपतरावांची. दरबार होता तोवर संस्थेला दरबारचं वर्षासन मिळे. मग दरबार गेला, मध्यभारत आला. मध्यभारताची सवय होते न होते तोच गेल्या नोव्हेंबरात तोही गेला आणि मध्य प्रदेश आला. फायली ट्रकांत बसून भोपाळला गेल्या. त्यांच्या मागोमाग तिसऱ्या वर्गाच्या डब्यातून सुधा गेली.

"हं, साहेब भेटले? … मग? मंजूर ना अनुदान? … नाही? … नाही म्हणजे आत्ता नाही, की… अजिबातच नाही. … का पण? … हळू सांग. संस्था काय आहे? … संपन्न. … संपन्न आहे म्हणाले?"

महिपतराव क्षणभर सुखावले. त्यांनी वळून दुकानातल्या मंडळींकडे पाहिलंसुद्धा.

"तसं चांगलंच म्हणाले की गं. … हो, हो… अगं ऐक ना… कळलं, सुधा. संपन्न आहे म्हणून नाही. मदत गरजूंना. कळलं. … पण त्यांच्या डोक्यात हे भरवलं कोणी? … स्वतः पाहिलं? … हां, मुआयन्याला, तपासणीला आले होते तेव्हा. … तू नव्हतीस ना त्या दिवशी. मुरारला त्या सुभेदाराच्या सुनेचं अडलं होतं, तिथे होतीस. … हो, मीच होतो. सगळी व्यवस्था मीच पाहिली."

शेवटचं वाक्य निघाल्यावर ते परत घेता आलं तर बरं, असं त्यांना वाटलं.

"कसली ताटं? … चांदीची… हं. … अगं, पण साहेबाला काय पत्रावळीवर वाढायचं? … आपली कुठली? आपल्या घरात काय उरलंय ते तुला माहीत नाही का? … मागून आणली. … इथून तिथून. … इथून तिथून म्हणजे… सुधा, मी दुकानात आहे. लोक आहेत इथे. … हो, ट्रंक कॉल आहे, माहीत आहे मला. … लीलाताईंकडून. … अगं, लीलाताईंकडून म्हटलं."

लीलाताई औषधाच्या बाटलीवरचा कागद वाचू लागल्या. बाटली उलटी होती. महिपतरावांनी त्यांना मानेनेच नमस्कार केला.

"गालिचा संभाजीरावांचा. … झुंबर नव्हतं. खोटं कशाला बोलू? आणलं होतं, पण छताची कडी पेलेना. … अत्तर लावलं, हो. … फेटाही बांधला. छान दिसत होता त्यांना. … अगं, ही आपली रीतच आहे ना. बाबांच्या वेळी दरबारचा माणूस यायचा तेव्हा असंच… हो. आता दरबार नाही. … हो सुधा, मलाही माहीत आहे की आता दरबार नाही."

माहीत होतं, पण पटलं नव्हतं. दरबाराचा हिशोब त्यांना कळे. दान सुपात्री द्यायचं, आणि सुपात्र म्हणजे ज्याच्याकडे ते स्वीकारायला निदान एक तबक आहे तो. फाटक्या माणसाला दरबारी देणगी देणं हा दोघांचाही अपमान. भोपाळचं सरकार उलटं निघालं. त्याला आधी फाटकं दाखवावं लागे. अशा सरकारापुढे कोणते कपडे घालून जावं, हे महिपतरावांच्या घराण्यात कोणी शिकवलं नव्हतं.

"बायका? … कुठल्या बायका? … खाटा रिकाम्या होत्या असं म्हणाले? … हं… सुधा, लाइन खराब आहे. … नाही, ऐकू येतंय मला. खराब आहे, एवढंच म्हटलं."

कान्होजींनी पुड्या बांधायचं काम थांबवलं.

"होत्या. … तिघीही होत्या. पळून कुठे जातील? … मागे. … मागे म्हणजे मागे गं. … स्वयंपाकघरात. … चुलीपाशी ऊब असते, सुधा. बाहेर काय गारठा होता. … खाली. … चटईवर. … हो, तीसुद्धा. आदल्या रात्रीचीसुद्धा. … नर्सबाईंना बोलू नकोस, त्या नकोच म्हणत होत्या. मीच हट्ट धरला. … तुला सांगू नका असंही मीच म्हणालो."

त्यांनी रिसीव्हर एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला. तिकडेही तेच ऐकू येत होतं.

"अगं, ती विटांवर टेकवलेली खाट, त्यावर ती ठिगळांची गोधडी, आणि त्यातून ते रेशमी फेट्यातले साहेब चालत जाणार… मला ते… म्हणून मग खाटांवर शेले अंथरले. … लग्नातले. … नाही. बाळ नाही रडलं. … कसं म्हणजे? आईने छातीशी धरलं होतं. … मीच सांगून ठेवलं होतं. साहेब जाईपर्यंत रडू देऊ नका, म्हणून."

पलीकडे काही ऐकू येईना. ट्रंक कॉलवर गप्प राहायलाही बोलण्याइतकंच भाडं पडतं. सुधा काटकसरी बाई होती, तरी ती गप्प राहिली.

"सुधा? … आहेस ना? … विचारलं ना साहेबांनी. 'आजकल कोई भरती नहीं?' म्हणाले. … मी म्हटलं… काय म्हटलं आता आठवत… म्हटलं, 'हमारे यहाँ भीड़ नहीं होती.' … हो. असंच म्हटलं. … चिटणीस काय म्हणतेस मला, सुधा? दादा म्हण ना. … बरं. नको म्हणूस."

दुकानात आता कोणी औषधही मागत नव्हतं. महिपतरावांना आठवलं ते स्वयंपाकघराचं दार. पान देऊन झाल्यावर साहेबांना निरोप द्यायला ते बाहेर निघाले, तेव्हा ते दार जरासं उघडं होतं, आणि आतून ती आदल्या रात्रीची बाळंतीण त्यांच्याकडे बघत होती. रागाने नव्हे. नीट पार पडलं ना सगळं, असं विचारल्यासारखी. त्यांनी तिच्याकडे बघून मान डोलावली होती.

"काय? … साहेब तिथेच आहेत? … त्यांना देतेस म्हणजे? मी बोलू? … मी काय बोलू? तू सांग ना. … सांगितलंस, आणि त्यांना वाटतंय तूच खोटं… हं. … माझ्याच तोंडून हवंय. … आजच? … आणि आज नाही झालं तर? … मार्चनंतर कुलूप. … मग त्या बायका कुठे… हो. … हो, कळलं. दे."

महिपतरावांनी कोटाचं वरचं बटण लावलं. टोपी सरळ केली. मग, साहेब भोपाळात असूनही, किंचित वाकून बोलायला सुरुवात केली.

"नमस्कार साहब, नमस्कार. आपकी तबीयत… हमारा सौभाग्य कि उस दिन आप पधारे… बात ऐसी है साहब कि हमारा घराना पुराना है, और पुराने घरों में एक रीत होती है… मतलब, मेहमान के सामने…"

पलीकडे शांतता होती. साहेब गंभीरपणे ऐकत आहेत, या समजुतीने महिपतरावांना थोडा धीर आला. ते घराण्यावरून रीतीवर आले, रीतीवरून पाहुणचारावर, पाहुणचारावरून गालिच्यावर. गालिच्यावर बराच वेळ रेंगाळले. पण पुढे स्वयंपाकघरच होतं, आणि तिथे आडवाट नव्हती.

"…वह सब माँगकर लाया हुआ था, साहब. … और औरतें थीं. भीड़ थी. मैंने उनको रसोई में बिठाया था, ज़मीन पर. एक का बच्चा एक रात का था. … मुझे शर्म आती थी, साहब. उनकी नहीं… मतलब, उस दिन उनकी ही आती थी. अब अपनी आती है."

जानेवारी असूनही महिपतरावांनी कोटाचं वरचं बटण काढलं. त्यांनी उत्तराची वाट पाहिली.

"साहब? … हॅलो? … कोण? एक्स्चेंज? … बाई, मध्ये बोलू नका, साहेब आहेत लाइनवर. … नाहीत? … लाइन तुटली? … कधी? … 'तबीयत'पाशीच?"

महिपतरावांनी रिसीव्हर कानापासून दूर धरून त्याच्याकडे पाहिलं. मग सावकाश वळले. भोपाळात एक अक्षर पोचलं नव्हतं. पाटणकर बाजारात एकही सुटलं नव्हतं.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं, असं त्यांना वाटलं. उगाच वजनाचा तराजू पुसत कान्होजी खाली बघत राहिले.

"हो बाई, आहे मी. … ठेवू? … नका, नका. भोपाळ परत लावा. तोच नंबर. … अर्जंटच करा. … थांबतो ना, जातो कुठे? … हॅलो? … हं, थांबतोय."

तेवढ्यात लीलाताई जवळ आल्या आणि पदराआडून काही पुटपुटल्या. महिपतरावांनी रिसीव्हरच्या तोंडावर हात ठेवला.

"काय म्हणता लीलाताई? … नव्हती? … चांदीची नव्हतीच? … पितळेची. … मुलामा. … कधीपासून? … यजमान असतानाच. … नाही, नाही, मला कुठे कळलं. साहेबांनाही नाही कळलं. … नका वाईट वाटून घेऊ. छान चकाकत होती."

लीलाताई गेल्या नाहीत. तिथेच शेजारी उभ्या राहिल्या.

"हॅलो? … हो, ग्वाल्हेर. बोला. … सुधा, मीच. तुटली होती लाइन. … बोललो होतो गं, सगळं बोललो, पण इकडेच. … उठले? टोपी घातली त्यांनी? … अगं, मग बोलत काय बसलीस? धर त्यांना, दे पटकन… काय म्हणालीस? … काही नाही. 'दादा' म्हणालीस असं वाटलं. … दे."

या खेपेला ते वाकले नाहीत. बटण उघडंच राहिलं.

"साहब, वे थालियाँ पीतल की थीं. … जी, महिपतराव. … पीतल की, और वे भी हमारी नहीं थीं. गालीचा भी नहीं. हमारे यहाँ जो औरतें थीं, उनको मैंने रसोई में छिपा दिया था. मेरी बहन को पता नहीं था. … जी नहीं. हम संपन्न नहीं हैं, साहब. हम ग़रीब लोग हैं."

एवढं वाक्य तोंडून निघायला त्यांना तीन राज्यं लागली होती. दुकानात कोणीतरी खरोखर खोकलं.

"जी… जी. … आइए, ज़रूर आइए, फिर देख लीजिए. … नहीं साहब, तारीख मत बताइए. बताएँगे तो मैं फिर कुछ ले आऊँगा. … जी, फाइल तब तक खुली… बड़ी कृपा. … खाना? जैसा रोज़ बनता है. … नहीं, थाली नहीं. … चाय मिलेगी, साहब. कप में. … हैंडल टूटा हुआ है. … जी. … जी, एक ही है. आप पी लीजिएगा, फिर मैं पी लूँगा."

आणि त्यांनी रिसीव्हर खाली ठेवला.